न हलवता

शिरोड्याच्या मिठागरांपासून दीड कोसावर
कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत
मीही मीठ लावलंय.

पोटॅशचे दाणे. बाटलीचं बूच काढलं की
इथल्या हवेत त्यांना दरदरून घाम फुटतो,
तराजूवर ठेवेपर्यंत वजन बदलतात.
कृतीत लिहिलंय: वायू कोरडा हवा.
ज्यानं लिहिलं त्याच्या गावाला खाडी नसावी.
मी खिडकी लावते.
खाडी खिडकीला विचारत नाही.

टेफ्लॉनच्या भांड्यात, दोनशे चाळीस अंशांवर
दाणे वितळतात
आणि पिण्याच्या पाण्यासारखे दिसतात. धोका तोच.
माझ्या डाव्या मनगटावर वालाएवढा डाग आहे,
पहिल्या मे महिन्याचा.

त्यात बेरियम. त्यात बिस्मथची पिवळी पूड,
जी दोन वर्षं तळाशी रुसून बसली.
तिसऱ्या वर्षी सिलिका जेल संपलं,
नवं मागवायला पैसे नव्हते,
आर्गॉन ओलसरच सोडला,
आणि पूड विरली.
म्हणजे ज्या दमटपणाला मी इतके दिवस शिव्या घातल्या
तोच कामाचा गडी निघाला.
हे कुणाला सांगावं कळेना. मी एकटीच हसले.

केसाएवढी प्लॅटिनमची तार. तिच्यातून
दोन मिलिअँपिअर,
एवढ्यानं मुंगीसुद्धा दचकत नाही.
सहा दिवस, सहा रात्री.

मेसला जाडं मीठ टाकून परतताना
भिवा आरोलकर दारात थांबला.
'काय शिजवतंस गो?'
'मीठ.'
'मीठ शिजना नाय. मीठ पिकता.'
आणि मग भांड्यात न डोकावताच:
'बसूक लागला की हलवू नको. फूल मोडता.'

माझ्या जाड पुस्तकात हेच सव्वा पानात आहे,
समीकरणांसकट.

चौथ्या रात्री लाईट गेली.
आरवलीच्या तिठ्यावर माड तारांवर पडलेला.
इन्व्हर्टर दोन मिलिअँपिअर सांभाळेल,
भट्टी नाही.
मी भिवाची रिकामी गोणपाटं भट्टीभोवती गुंडाळली,
वरून माझी शाल, वरून परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका,
आणि काट्याकडे बघत बसले.
दोनशे एकतीस. दोनशे सव्वीस.
दोनशे बावीसवर पंखा फिरला.
श्वास घेतला तोही हळू. हलायला नको.

सातव्या दिवशी गरम पाणी ओतलं.
सगळं मीठ मोरीवाटे गेलं.
चाळणीत तिळाएवढा एक खडा,
शिनाण्याच्या पाठीसारखा निळसर काळा,
कडा इतक्या सरळ
की माझ्या हातून झाल्या असं वाटेना.

होमिओपॅथीच्या कुपीत, कापसात,
पुण्याच्या रातराणीनं तो गेला.
इथे द्रव हेलियम नाही.
इथे साधा बर्फ म्हटला तर मासळीवाल्यांकडून आणायचा,
त्यालाही बांगड्याचा वास.
माझ्या टेबलावर होता तोवर तो खडाच होता.
बावीस दिवसांनी फोनवर एक आलेख आला:
रेघ सरळ चालत येते, आणि एकोणतीस केल्विनला
विहिरीत घागर सुटावी तशी
तळाला.

'मगे काय होता त्याना?' भिवानं विचारलं.
म्हटलं, त्याची कडी केली, तिच्यात एकदा वीज सोडली
की ती झिजत नाही. फिरत राहते.
कोणी ढकलावं लागत नाही.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
'तर ती आमच्या वाडीत सोडा, बाई.
आमची दर दोन तासांनी झिजता.'

मला उत्तर देता आलं नाही.
तेवढ्या थंडीची वाडी मी पाहिलेली नाही.

आज नवं भांडं लावतेय.
खिडकी उघडी आहे. भरती आहे.
वहीत एक जादा रकाना आखला,
हवेतली ओल:
एक्क्याऐंशी टक्के.