दोन नरसय्या

त्या आठवड्यात आमच्या गल्लीत नरसय्या दोन झाले.
एक आपला, चिलका नरसय्या,
टॉवेलच्या मागावर बत्तीस वर्षं, डावा कान त्यातच गेलेला.
दुसरा फोनमधला:
तोच फोटो, तीच टोपी, मागे तेच सिद्धेश्वर तळं,
फक्त मराठी जरा जास्तच शुद्ध.

तिथेच शंका यायला हवी होती.
आपला नरसय्या तीन भाषांत बोलतो
आणि सुरू केलेल्या भाषेत एकही वाक्य संपवत नाही.

दुसरा म्हणाला, ताई, कॉइन दुप्पट होत आहेत, आज रात्रीपुरतेच,
आपले ते बारा शब्द तेवढे पाठवावेत.
राजमणीने पाठवले.
हजार विड्यांमागे जे हातात येतं
त्यातून दोन वर्षं चिमटीचिमटीने साठवलेलं
सुपातल्या तंबाखूवर पंखा लागावा तसं गेलं.

तीन दिवस ती बोलली नाही.
चौथ्या दिवशी नरसय्याच्या दारात उभी राहून
तेलुगूत तिने त्याला जे ऐकवलं
ते इथे लिहिण्यासारखं नाही.
त्याने उजवा कान पुढे करून सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाला, तोंड माझंच होतं ना, अक्का?
मग माझ्याही घरात चोरी झाली.

पोरं पेटली. भामट्यांची यादी करू, चौकात फलक लावू,
एकेकाला फोन करून आईबहीण काढू.
मी जेकार्डची कार्डं मारणारा माणूस,
पुठ्ठ्याला भोकं पाडण्यात जन्म गेला.
मी म्हणालो, सोलापुरी म्हणून कुठली कुठली चादर विकतात लोक,
आपण प्रत्येक हातगाडीमागे धावलो का?
खरी चादर गिऱ्हाइकाच्या हातात दिली,
उलटून दाखवली:
मागेही तेच फूल, रंग तेवढे अदलाबदल.
एकदा बोटांना कळलं की बोटं विसरत नाहीत.

तेव्हापासून गुरुवारी, माग बंद असतात तेव्हा,
शेडमध्ये सुताच्या पोत्यांवर बसतो आम्ही.
मुबीना बागवान केळीचा गाडा लावून येते, ती समजावते:
वही एक नसते, घरोघरी तीच वही,
एकाने खाडाखोड केली तर बाकीच्या वह्या बोंब मारतात.
पण वहीला माणूस ओळखता येत नाही, ते काम आपलं.

भीती कुणालाच घालायची नाही, हे तिचंच.
घाबरलेला माणूस घाईत असतो,
आणि घाईतल्या माणसाला लुटणं सोपं.
म्हणून नव्या माणसाला आधी कडक भाकरी, शेंगाचटणी,
मग राजमणी सांगते.
पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता.
आता ती पदर खोचून सांगते:
आपल्यातलं कुणी ते बारा शब्द मागत नाही.
मी मागितले तरी देऊ नका.
नवऱ्याने मागितले तरी, म्हणते, आणि बायका हसतात.

परवा भर बैठकीत रेवणसिद्धचा फोन वाजला.
पडद्यावर नरसय्या.
नरसय्या समोर बसून भाकरी मोडत होता.
अशी हसलो आम्ही माणसं
की बंद शेडमध्ये चाळीस माग एकदम सुरू झाले.

राजमणीने फोन घेतला, स्पीकर लावला.
आम्हाला वाटलं, आता तेलुगू.
पण ती म्हणाली, ये की बाबा.
गुरुवारी सहाला असतो आम्ही, अशोक चौकामागे, निळं शटर.
येताना तुझं स्वतःचं तोंड घेऊन ये. चहा मिळेल.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंख्याची करकर ऐकू आली,
आणि त्याच्याही मागे कुणाचं तरी लहान मूल.
मग कट.

राजमणीचे पैसे आले नाहीत. येतील असं वाटतही नाही.
घरी जाऊन तिला पानं कातरायची होती, ती उठली.
मी शटर ओढत होतो,
तेवढ्यात नरसय्या उजवा कान घेऊन जवळ आला,
म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही रे,
काय म्हणत होतो मी?