घासलेला आकडा

साखर पेठेत मल्लेशम कुडक्यालच्या दुकानी
ते पेन अजून चालतं. बेकेलाइटचं,
कापडी वायरीचं, मिलच्या लिलावात
वजनकाट्यासोबत फुकट आलेलं.

बटण दाबलं की गांधीलमाशीगत घुमतं.
पूर्वी मुख्यालयातून रायफली यायच्या.
बोल्टवर, घोड्याच्या पोटाशी, मॅगझिनच्या कडेला
तो नळीचाच आकडा घालायचा,
साताला आडवी दांडी, एकाशी घोळ नको.
"वंगणात सगळे सुटे पडले तरी
आपापल्या घरी जातील की ओ."

आता रुखवताची भांडी येतात.
परवा एकीनं पितळी डबा
काउंटरवर पालथा घातला:
सौ. सुगुणा नरसय्या, २००९.
"यातलं सौ. तेवढं खोडा."

चष्मा कपाळावर सारून तो बघत राहिला.
"घासलेला आकडा लपत नाही, बाई.
बंदूक असो की डबा,
बघणारा आधी तिथंच बोट ठेवतो."

"ठेवू दे," ती म्हणाली.

पेन सुरू झालं.
चहाची कपबशी धरताना कापणारा त्याचा हात
त्या घुमण्यात गप्प होता.
सौ. पुढचं टिंबही खरवडलं त्यानं,
न सांगता.