टाळ्या

तमालेतल्या त्या कॉलेजात
अठ्ठेचाळीस तासांतले एकोणीस उरलेले,
नऊ टेबलं, वायरींचा गुंता, थंडगार जोलोफ भात,
आणि चाचणीसाठी धरून आणलेली
वुनपिनीची मावशी, आझारा.

आमच्या ॲपमध्ये एक ससा होता.
अक्षर बरोबर म्हटलं की टाळ्या वाजायच्या.
आझारा नुसती खाकरली,
टाळ्या वाजल्या.
"मी अजून तोंडही उघडलं नाही," ती म्हणाली,
"हा कशावर एवढा खूश?"

फुसेनीनं टाळ्या काढल्या.
मग तिनं ससाही काढायला लावला.
कनवटीची पावती सोडवून
कीबोर्डवर ठेवली,
शियाच्या लोण्यानं तेलकट,
बाजारकराची, कालची.
"हे वाचायला शिकवता येतं का, बघा."

रात्रभर आम्ही पावत्याच वाचत बसलो.
वसुलीवाल्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय;
त्याचा एकच आकडा
कॅमेऱ्याला कधी सात दिसे, कधी माशी.
तीनदा जनरेटर बसला.
फुसेनी टेबलाखाली झोपला, बूट घालूनच.

पहाटे ती परत आली.
आयुष्यभर शाईत बुडवलेला अंगठा
काचेवर टेकवला, उचलला,
आणि फोन बोलायच्या आत
स्वतःच म्हणाली,
"दोन."
पावती उजेडाकडे धरली.
"दोन सेडी.
माझ्याकडून तीन घेतो तो.
रोज."

कुणाला काही सुचेना.
वुनपिनी उगाच वायर गुंडाळत राहिली.

बक्षीस पलीकडच्या टेबलाला मिळालं,
त्यांचा जिराफ नाचायचा.
आझारा निकालाला थांबली नव्हती.
बाजार उघडायची वेळ झालेली,
आणि तिला वाटेत कुठेतरी
सुट्टे करून घ्यायचे होते:
बरोबर दोन.