भरिताचा डबा

नणंदेचा पुण्याहून फोन,
आमची सीट पडून आहे माळ्यावर, घेऊन जा.
मी विचारलं, कोणत्या सालची?
आणि तुमची गाडी खंबाटकीत ठोकली,
तेव्हा हीच होती ना आत?
जरा वेळ फोनवर काहीच नाही.
मग, बघ बाई, तुझी पोर.

म्हणून नवी.
जळगावात दोन दुकानं पालथी घातली,
तिसऱ्यात एकच होती, कोपऱ्यात, टेडीच्या मागे.
हर्षलचा अख्खा रविवार ती बसवण्यात गेला.
पट्टा ओवला, गुडघा रोवून ओढला,
हलवली, हलली. काढली.
पुन्हा ओवला.
चौथ्यांदा सीट हलायची थांबली
आणि गाडीच हलली.

सासूबाई ओट्यावरून बघत होत्या.
"अवं माय, उलटी बसोली का पोरीले?
तोंड मांघे, पाठ पुढे,
अन् पट्टे तरी किती, वासराले बी इतके दावे नसतात.
मांडी कशाले हाये मंग माही?"

मी उत्तर शोधत होते, ते अण्णांकडे निघालं.
सुपडू अण्णा, एकतीस वर्षं सावद्याहून दिल्लीला
केळीचा ट्रक नेणारे,
आता गुडघ्यांनी घरी बसवलेले.
सीटच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.
"माल फळीले टेकोयचा," म्हणाले.
"मोकळा ठिवला का ब्रेकले
गाडी थांबते, माल नाही थांबत.
ही पाठ म्हंजे तिची फळी."
एवढंच. आणि काडेपेटी शोधायला निघून गेले.

सकाळी निघताना पुन्हा, स्वेटरवरून.
दोन महिने विणलेला, जाड, पोपटी.
मी तो काढला, पट्टे आवळले,
ईशानीच्या खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरून बघितली.
बोटं निसटली, तेव्हा कुठे
स्वेटर वरून पांघरला, बाह्या उलट्या.
सासूबाई बोलल्या नाहीत.
शेजारी बसल्या, स्वतःचा पट्टा लावला,
भरिताचा डबा मांडीवर घेतला,
तो मोठा, पितळी, कडीचा,
दोन्ही हातांचा वेढा घालून,
जणू, बघ, असं धरतात.

भुसावळ गेलं, तापीचा पूल आला.
आम्ही येणारं बघत होतो,
ईशानी गेलेलं:
पूल, पाणी, पुलावरचा सायकलवाला
लहान लहान होत गेलेला.
मग तिची मान कलली.

बामणोदच्या अलीकडे
केळीच्या खांबांनी भरलेली ट्रॉली
मळ्यातून सरळ रस्त्यावर.
हर्षलनं ब्रेक दाबला.

कुणाला काही झालं नाही. हे आधी सांगते.
वेगही काही फार नव्हता.
फक्त डबा गेला.
दोन्ही हातांच्या वेढ्यातून,
दोन सीटांमधून, गिअरवर आपटून, काचेपर्यंत.
काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, शेंगदाणे,
डॅशबोर्डवर, हर्षलच्या कानावर, एसीच्या जाळीत.

ट्रॉलीवाला हात जोडून निघून गेला.
सासूबाई आपले हात बघत होत्या.
ते तसेच, वेढा धरलेले,
मधे डब्याएवढी जागा.
मग त्यांनी ती जागा हळूच मिटली.
ईशानीनं झोपेतच ओठ हलवले, दूध ओढल्यासारखे.

शेतावर जेवण ठेचा आणि कळण्याच्या भाकरीवर भागलं.
भरिताचं कुणी विचारलंच तर अण्णा म्हणत,
"मोकळा माल व्हता."

परतताना रिकामा डबा त्यांनी खाली ठेवला,
पुढच्या सीटमागे, पायानं रेटून.
मी पट्टे आवळत होते,
तर बाजूनं एक हात आला,
आणि ईशानीच्या खांद्यापाशी
चिमूट शोधू लागला.

आता वैशाख आहे.
बकल तापतं, आधी माझं मनगट लावून बघते.
सावलीतही गाडीत तिला एकटी सोडत नाही,
दोन मिनिटंसुद्धा.
आणि दार उघडलं की
त्या जाळीतून अजून
लसूण येतो.