सूरचं पाणी

गावाचं नाव सूर. ओमानच्या टोकाला.
आम्ही मराठी माणसं उगाच कान देतो;
गाण्यासारखं इथे काही नाही.
रात्रपाळीला पंप एकाच पट्टीत घुमतात,
बाहेर काळा समुद्र, आत पांढरी नळकांडी,
आणि चौसष्ट बार दाबाखाली
पाणी आपल्याच मिठातून सुटायला धडपडतं.

मलाही तेव्हा सुटायचं होतं.
धाकटा विश्राम सलालाच्या रस्त्यावर गेला, त्या वर्षी
मी मीठ सोडलं, मग बोलणं,
मग आरशावर टॉवेल टाकला.
खोलीत सहा जण. वरच्या बंकवर डोळे मिटून
एवढंच धरून बसायचो
की आत एक ठिणगी आहे, आणि ती इथली नाही.
हे जग मालकानं बांधलेलंच नाही,
कुठल्यातरी सब-कंत्राटदारानं
सिमेंटात रेती जास्त घालून उभं केलंय
आणि आमचे पासपोर्ट
स्वतःच्या तिजोरीत ठेवून दिलेत.
(हे अजूनही मला फारसं खोटं वाटत नाही.)

म्हणून पडद्यांचं काम आवडायचं.
इतकी बारीक छिद्रं, की मिठाला वाटच नाही.
मीटरवर आकडा उतरत यायचा:
चाळीस हजार.
तीनशे.
अकरा.
अकरावर माझे डोळे भरायचे.
वाटायचं, असंच व्हायचंय,
कशाचा कण अंगाला लागलेला नाही असं.

एका पहाटे खुदादादपाशी बोलून गेलो.
बलुची माणूस, तीस वर्षं वॉल्व फिरवतोय,
डाव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा पंपाला देऊन बसलाय.
त्यानं नमुन्याच्या नळाखाली ग्लास धरला.
पी, म्हणाला.
प्यायलो.
चव नव्हती. गारवा होता, पण कुणाचाच नसलेला.
जिभेला जणू त्या पाण्यानं ओळखच दाखवली नाही.

मग त्यानं मला टाकीमागे नेलं.
तिथे कापून काढलेला जुना पाइप पडला होता,
आतून वाळवी लागल्यासारखा.
शुद्ध पाणी उपाशी असतं, तो म्हणाला,
त्याच्या पदरात काही टाकलं नाहीस
तर ज्यातून वाहतं त्यालाच खातं.

मला आमची खोली आठवली.
माझ्या गप्प बसण्यानं सुकलेले पाच जण.
आईचे न उचललेले फोन.

पुढच्या टाक्यांत चुनखडी असते.
डोंगरातून ट्रक येतात; डोंगर म्हणजे तरी काय,
कधीकाळचा समुद्र, शिंपले, कुणाकुणाची घरं.
खड्यांच्या थरातून पाणी सावकाश वर चढतं
आणि मेलेल्यांचं थोडं थोडं सोबत घेतं.
गुहागरात चुना लावणं म्हणजे फसवणं.
इथे चुना लागल्याशिवाय
पाणी कुणाच्या घरी जात नाही.

प्रयोगशाळेत शम्सा नमुना तपासते,
वहीत आकडा लिहिते, अर्धा ग्लास स्वतः पिते,
उरलेला केमिकलच्या रिकाम्या डब्यातल्या
तुळशीसारख्या रोपाला.
ते रेहान आहे, असं ती मला चौथ्यांदा सांगते.
या वेळी मी विचारलं, पानं चुरगाळू का?

त्या रात्री डाळीला फोडणी मी दिली.
मीठ जरा जास्तच पडलं,
कुणी काही बोललं नाही, दोघांनी पुन्हा वाढून घेतली.
नंतर आरशावरचा टॉवेल काढला.
हनुवटी विश्रामची होती.
बराच वेळ होती.

ठिणगी इथली नाही, हे मी अजून मानतो.
पण सकाळी पाळी संपवून होडीच्या कारखान्यावरून जाताना
एक बंगाली सुतार नमाजाआधी नळाखाली पाय धरून बसलेला असतो,
लाकडाचा भुसा बोटांच्या बेचक्यांतून वाहून जातो,
आणि ते पाणी
काल रात्री माझ्या हाताखालून गेलेलं असतं.
तो मान वर करून बघत नाही.
मीही थांबत नाही फारसा.