हौद

फॉर्मवर मी विचारते, तुम्हाला काय बघायला आवडेल?
लोक लिहितात वाडे, मिसळ, तांब्याची भांडी.
एकाने लिहिलं होतं, सावलीतलं काहीही.
डेल्फ्टहून आलेल्या बाईंनी एकच शब्द लिहिला :
पाणी.

एप्रिल. सकाळचे सात. फडके हौद चौक.
मी शरयू तनपुरे, गळ्यात ओळखपत्र.
त्या चित्स्के, सत्तरीच्या,
पायांत माझ्यापेक्षा चांगले बूट.
चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली म्हणाल्या,
समुद्रावर नजर ठेवायची.

एकाच माणसासाठी आखलेला फेरफटका,
म्हणजे कुणासाठी थांबायचं नाही,
कुणी मागे राहत नाही,
आणि उत्तर येत नसेल तर
गर्दीत लपायचीही सोय नाही.

'हौद कुठे आहे?'
'नावात,' मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.
मग शब्द दोनदा तोंडात घोळवून म्हणाल्या,
'आमच्याकडे हा आवाज म्हणजे धरून ठेव.
लिहिताना द, म्हणताना ट.'
रिक्षावाला आमच्याकडे बघत होता.
मी म्हटलं, आमच्याकडेही तेवढंच त्याचं काम होतं.

पुढे मी पाठ केलेलं सांगितलं :
कात्रजच्या तलावातून निघालेलं पाणी
जमिनीखालून चालत पेठांत यायचं.
वाटेत दगडी उच्छ्वास,
पाण्याला धाप लागू नये म्हणून.
'पाण्याला धाप लागते?'
'लागत असावी. चढ-उतार बघता.'
हे मात्र पाठ केलेलं नव्हतं.

सदाशिव पेठेत एक उच्छ्वास आहे,
त्याला टेकून कुणाची तरी स्कूटर लावलेली.
बाईंनी दगडाला कान लावला, डोळे मिटले.
दुधाच्या पिशव्या घेऊन जाणारे गृहस्थ थांबले :
'काही पडलंय का आत?'
मी म्हटलं, नाही, ऐकताहेत.
तेही थोडा वेळ थांबले.
काय ऐकू आलं ते मी विचारलं नाही.
मला नुसता पेट्रोलचा वास आला.

तेवढ्यात पवळेकाकूंचा फोन :
टँकर आज साडेअकराला, नाहीतर थेट शनिवारी.
मी राहते आंबेगावात, कात्रजच्या त्या अंगाला,
जिथून कधी पेशव्यांना पाणी जायचं
तिथून हाकेच्या अंतरावर, चौथ्या मजल्यावर.
घरात दीड बादली.
बाईंना म्हटलं, माफ करा, उरलेले पैसे परत देते.
त्या म्हणाल्या, 'पण हेही पाणीच ना?'

स्वारगेटहून बस.
खाली कुठेतरी तो जुना नळ असेल,
तो आला त्याच्या उलट दिशेने आम्ही निघालो,
तिकिटं काढून, उभ्यानं.
बाई खिडकीतून चढ मोजत होत्या.

सोसायटीत पिंपांची रांग,
प्रत्येक पिंपावर पांढऱ्या रंगात आडनाव.
बाईंनी सगळी आडनावं वाचून घेतली माझ्याकडून,
वाड्यावरचे शिलालेख वाचावेत तशी.
'आमच्याकडे पाणी येतंय म्हटलं
की लोक उठून पळतात.'
'आमच्याकडेही,' मी म्हटलं,
'फक्त त्याच्या दिशेने.'
आता हसल्या.

टँकर आला. पाइप जोडला,
आणि जोडावरूनच चिळकांडी उडाली,
ज्या गळतीसाठी रोज चिंधी बांधतो आम्ही
ती चिंधी आज कुणी आणलीच नव्हती.
बूट भिजले, चष्मा भिजला.
पवळेकाकू ओरडल्या, 'अहो बाई, धरा! घट्ट धरा की!'
मी भाषांतर करायला तोंड उघडलं,
तोवर दोन्ही हात त्या जोडावर बसले होते,
सवयीचे असावेत तसे.

तनपुरे भरलं, पवळे भरलं,
शेवटच्या पिंपाला धार करंगळीएवढी झाली,
ते आडनाव मी सांगत नाही,
त्यांच्याशी आमचं पटत नाही.
मी त्यांना माझ्यातल्या दोन बादल्या दिल्या,
पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून.

यादीत अजून काळा हौद होता, बदामी हौद होता.
'तिथे काय आहे?'
'चौक आहेत. दुकानं.'
दोन्ही नावं त्यांनी वहीत घेतली,
पण हात ओले होते,
बदामीचा दा फुटला
आणि निळा ओघळ पार खालच्या ओळीपर्यंत गेला.