कट्टा

नळाचा दिवस नसेल तर साडेपाचला
मी चादर अंथरते.
सेकंड माल. ह्यांनी मागावरून घरी आणलेली,
मोराचा एक पाय विणायचाच राहिला,
बाजारात कोण घेणार?
मी टाच बरोबर तिथं ठेवते
जिथं त्याचा पाय असायला हवा होता.
चैत्रात आमच्या सोलापुरात
फरशी एवढ्याच वेळी गार असते.

दवाखान्यातल्या कलबुर्गी मॅडमनी
केसपेपरच्या मागं पाच चित्रं काढून दिली,
बिनचेहऱ्याची बाई, काड्यांचे हातपाय.
‘गोळ्या पुरे झाल्या, अक्का.
रोज पंधरा मिनिटं. सावकाश.
दुखेल तिथं थांबायचं.’
दुखेल तिथं थांबायचं,
हे बत्तीस वर्षांत
मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं चित्र : मान मागं.
सुपात बघून बघून वाकलेली मान,
पान, तंबाखू, दोरा,
पान, तंबाखू, दोरा.
जुन्या बिजागरीसारखी कुरकुरली
आणि मला छत दिसलं.
घरकुलातलं हे घर माझं,
हप्ते मी फेडले, एकेक हजार विड्यांनी,
आणि वर एक हूक आहे
हे मी विसरूनच गेले होते.
सुजाताचा पाळणा होता त्याला.
आता ती हैदराबादला असते
आणि हुकाला जाळं.

दुसऱ्या चित्रात मांजरासारखी पाठ.
खरं मांजर उंबऱ्यात बसून बघतं,
नात म्हणते, आजी, त्याला पटत नाहीये.
तिसऱ्यात हात वर,
तर पहिल्याच दिवशी ब्लाउज काखेत उसवला.
शेजारची अंबुबाई खिडकीतून म्हणाली,
‘काय गं सत्यम्मा, पोलीस भरतीला निघालीस?’
आता तीही येते कधीकधी,
चादरीच्या काठावर बसून
नुसत्या टाचा दाबते
आणि सुनेबद्दल बोलते.

चौथं चित्र मला जमत नाही.
सोडून देते.

पाचव्यात नुसतं पडून राहायचं.
त्याचं नाव आम्ही घरात घेत नाही,
लावण्या त्याला झोपायचं आसन म्हणते.
डोळे मिटले. खांदे सोडले. पोट सोडलं.
गल्लीच्या टोकाला कुणाचा तरी माग सुरू झाला,
खटक खट, खटक खट,
आणि लावण्या कानाशी येऊन हळूच बोलली,
‘आजी, तुझी बोटं विड्या वळतायत.’

वळत होती.
अंगठा तर्जनीवर, रिकामी हवा गुंडाळत,
टोक नखानं दुमडत.
मी थांबवली, ती परत सुरू झाली.
मग म्हटलं, वळू देत.
घरात आम्ही ऊपिरि म्हणतो,
मॅडम श्वास म्हणतात,
जे काय आत येतं, बाहेर जातं,
तेच बोटांना दिलं.
एक. दोन. तीन.
पंचविसाचा कट्टा होतो,
ही मोजणी मला झोपेतही येते.

कारखान्यात चेकर पुढ्यात ओततो,
ही सैल, ही आखूड, ही फुटकी,
मूठभर छाट बाजूला टाकतो
आणि त्याचे पैसे नाहीत.

इथं चेकर नव्हता.
फक्त मांजर होतं.
तेविसावा श्वास वाकडा आला,
खोकल्यात अडकून, अर्धाच.
तोही धरला.